लालबाग ते चिपी : एका अंतराचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘मुंबई आणि कोकण ह्यांमधील अंतर’ असे सांगितले. त्यांचा समज झाला की आम्ही महामार्गावरील खड्ड्यांविषयी बोलणार. खड्डे ओघात येतीलच. त्यांना वगळून कोकणात जाणे अजून कोणास साधलेले नाही. परंतु आमचा आजचा विषय घड्याळाचा आहे.

आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. आमची शाळा १९८२ च्या संपात सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगार वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा ह्या मांडणीत पंडिताला शोभणारी शिस्त नसेल, ती कोणी शोधूही नये. आमच्या हिशेबाला मात्र जरूर आव्हान द्यावे. हिशेब हाच आमचा धंदा आहे.

ह्या विषयाकडे आम्ही वळलो ते एका वाटाघाटीमुळे. साल २०२२, दिवस उन्हाळ्याचे. पूर्वी जेथे गिरणी होती अशा एका जागेवर आता मोठे विक्रीसंकुल उभे आहे. तेथे कंत्राटदाराकडे काम करणारे रखवालदार आणि सफाई कामगार आमच्या युनियनमध्ये आले. त्यांत निम्मे सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचे. त्यांच्या मागणीपत्रात एक कलम असे होते की, गावी मृत्यू अथवा गंभीर आजार झाल्यास रजेखेरीज प्रवासाचे दोन दिवस भरपगारी मिळावेत. एक जाण्याचा, एक येण्याचा. कलम साधे होते आणि खर्चाच्या दृष्टीने फार जडही नव्हते. समोर बसलेल्या अधिकाऱ्याने, वयाने तो आमच्या मुलाएवढा असेल, खिशातून मोबाईल काढला, दोन-चार वेळा बोट फिरवले आणि तो टेबलावर आमच्याकडे सरकवला. “साहेब, हे पाहा. मुंबई ते सिंधुदुर्ग विमान. सव्वा तास, फार तर दीड तास. दोन दिवस कशाला हवेत?”

आमच्याबरोबर बसलेले प्रतिनिधी गप्प झाले. खरे सांगायचे तर आम्हीही क्षणभर गप्प झालो. मोबाईलवर दिसत होते ते खोटे नव्हते. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी वेंगुर्ले तालुक्यात, परुळ्याजवळ चिपीच्या सड्यावर विमानतळाचे उद्घाटन झाले आणि मुंबईचे विमान तेथे उतरू लागले. आमच्या लोकांनी त्या दिवशी पेढे वाटले होते. मग ह्या अधिकाऱ्याचे चुकले कोठे? त्या रात्री आम्ही घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली, आणि त्या कागदाचे पुढे हे व्याख्यान झाले.

प्रथम विमानाला त्याचे श्रेय देऊ. नकाशावर सांताक्रूझच्या विमानतळापासून चिपीपर्यंत पट्टी ठेवली तर अंतर सुमारे ३५० किलोमीटर भरते. पट्टी जवळजवळ थेट दक्षिणेकडे जाते, किंचित पूर्वेला कलते. सडकेने कुडाळला जायचे तर हेच अंतर पाचशे किलोमीटरांच्या घरात जाते, कारण सडक खाड्यांना वळसे घालते, घाट चढते आणि उतरते. ह्या मार्गावर जे विमान घातले होते ते एटीआर जातीचे, सत्तर आसनांचे, पंख्याचे विमान. त्याचा आकाशातला वेग ताशी पाचशे किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे ३५० किलोमीटरांना पाऊण तासही लागू नये. तरी वेळापत्रकात सव्वा ते दीड तास धरलेला असे. का? विमान दारातून हलल्यापासून पलीकडच्या दारात थांबेपर्यंतचा काळ वेळापत्रकात धरतात. मुंबईच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी पुऱ्या वापरता येत नाहीत, आणि ताशी चाळीसांहून अधिक विमाने तेथे चढ-उतार करतात. मग लहान विमान मोठ्यांच्या रांगेत उभे राहते. परळच्या नाक्यावर हातगाडी ट्रकांच्या मागे उभी राहते, तसेच. पुढे वर चढायचे, वळायचे, खाली उतरायचे, ह्यात वेग कमी. सारांश, पाऊण तासाच्या उड्डाणाला दीड तास हा विमानाचाच हिशेब आहे, त्यात आमचा कामगार अजून बसलेलादेखील नाही.

तो लालबागच्या चाळीत आहे. त्याला सांताक्रूझ गाठायला तास लागतो, आणि विमान सुटण्याच्या दोन तास आधी तेथे हजर राहावे लागते. पलीकडे चिपीला उतरून सामान घेतले की कुडाळला वीस-पंचवीस किलोमीटर रिक्षाने, आणि कुडाळहून वाडीपर्यंत आणखी जे मिळेल त्याने. दारापासून दारापर्यंत सहा तास धरा. दिवसाला फेरी एक असे, तीही दुपारच्या सुमारास. सकाळी फोन आला तर त्या दिवशीचे विमान बहुधा हुकणार. म्हणजे ‘सव्वा तासा’च्या गावाला पोचायला उद्याची संध्याकाळ. हे झाले तिकीट मिळाले तर, आणि पावसाळ्यात सड्यावर ढग उतरून फेरी रद्द झाली नाही तर.

इतके झाल्यावर आम्हांस कुतूहल वाटले की, हे साडेतीनशे किलोमीटर पूर्वी किती वेळाचे होते. अंतर काही बदललेले नाही. सह्याद्रीही तोच आहे आणि समुद्रही तोच आहे.

गिरणगाव वसले ते कोकणच्या माणसांनी. पहिली गिरणी कावसजी दावर ह्यांनी ताडदेवला काढली, १८५४ साली कंपनी उभी राहिली आणि १८५६ मध्ये सूत निघू लागले. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी येथे धुराड्यांचे रान माजले. त्यांत राबायला साताऱ्याहून, पुण्याहून, कोल्हापुराहून माणसे आली. परंतु सर्वांत मोठा लोंढा रत्नागिरी जिल्ह्याचा, आणि आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. ही माणसे येत समुद्राने. भाऊच्या धक्क्याचे नाव ज्यांच्यावरून पडले ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ. त्या धक्क्यावर उतरलेल्या माणसाला आधी गाव भेटे आणि मग मुंबई, कारण गावकीचा गाळा त्याची वाट पाहत असे. एका खोलीत वीस-पंचवीस पुरुष, पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे. गिरगावच्या शेजारी धोबी तलावाला गोव्याच्या ख्रिस्ती चाकरमान्यांच्या कूड होत्या, त्यांचाही हाच प्रकार. देव निराळा, पथारी तीच.

आगबोटीचा मार्ग हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असा बंदरे घेत घेत पणजीला जाई. सकाळी मुंबईहून सुटलेली बोट दुसऱ्या दिवशी पणजीला लागे. पुष्कळ बंदरांत धक्काच नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राही, पडाव येऊन माणसे, बोचकी, कोंबड्या, टोपल्या उतरवून नेई. आम्ही लहानपणी एकदा असे उतरलो आहोत. बोटीच्या दारातून पडावात उडी मारायची ती लाट वर आली असता, खाली गेली असता नव्हे, एवढे शिक्षण त्या दिवशी पक्के झाले.

मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला घरापर्यंत सुमारे एक दिवस आणि एक रात्र लागे. आज कोणी ऐकले तर म्हणेल, फार वाईट नाही. परंतु ही बोट ऋतूची बोट होती. पाऊस लागला की समुद्र बंद. मेअखेरीपासून पुढे श्रावण-भाद्रपदापर्यंत आगबोटींचा मार्ग मिटलेला असे. आणि माणसे मरायची ती पावसाळ्यातच अधिक, लावणीही पावसाळ्यातच. बोट बंद असता गावी जायचे ते रेल्वेने पुणे, मिरजवरून कोल्हापूर, आणि तेथून मोटारीने फोंडा घाट किंवा आंबोली घाट उतरून खाली. म्हणजे दक्षिणेला असलेल्या गावासाठी पूर्वेला देशावर चढायचे आणि पुन्हा पश्चिमेला उतरायचे. साडेतीनशे किलोमीटरांचे अंतर मृगापासून पुढे तीन महिने दुप्पट होई.

समुद्राने भाडे पैशांतच घेतले असे नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ ह्या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बुडाली. ती भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली होती. रेवस म्हणजे अगदी जवळ, पलीकडचा किनारा. आषाढी अमावास्येचा दिवस होता, माणसे सणाला घरी निघाली होती. सहाशेहून अधिक बुडाली. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आलेले. ह्या बोटींना संतांची नावे होती, कारण स्वदेशी कंपनीची बोट लोकांना आपली वाटावी. ‘माझी आगबोट’ असे त्या कंपनीला लोक म्हणत. आमच्या गाळ्यातील एक वृद्ध गृहस्थ रामदासचे नाव निघाले की विषय बदलीत. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

आता प्रश्न असा की इतक्या गर्दीने, असल्या हवेत, माणसे बोटीत चढत का होती? अडाणी म्हणून? तसे म्हणणारे तेव्हाही होते. आमचे उत्तर निराळे आहे. त्यांना ठरावीक दिवशीच सुटी होती. ज्याला उद्या जाता येते तो आजची भरलेली बोट सोडतो. ज्याला फक्त आजच जाता येते तो चढतो.

येथे मूळ मुद्द्याला हात लागतो. कामगाराच्या बाबतीत अंतर मैलांत किंवा तासांत मोजून कळत नाही. ते रजेत मोजावे लागते. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज करून आठवड्याची सुटी मागितली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. केवढा मोठा विजय! परंतु चोवीस तासांच्या रविवारात कोकण बसत नव्हते. रविवार परळच्या माणसाला परळमध्येच मिळाला. गावासाठी सलग दिवस हवेत, आणि सलग भरपगारी दिवसांचा पक्का हक्क १९४८ च्या कारखाने कायद्याने आला : वर्षात २४० दिवस भरले तर पुढच्या वर्षी, दर वीस दिवसांमागे एक दिवस. २४० भागिले २० म्हणजे १२. बारा दिवसांतून बोटीचे दोन-तीन गेले, की गाव नऊ-दहा दिवसांचे. पावसाळ्यात घाटाने गेले, तर सात-आठ दिवसांचे. तोवर मिळे ती बिनपगारी परवानगी, तीही जॉबरच्या मर्जीने आणि काही वेळा जॉबरच्या खिशाने. आणि बदली कामगाराला तेवढीही नाही. बदलीवाला सकाळी गिरणीच्या दारात उभा राही. कोणाचा खाडा पडला तर आत. त्याचे २४० भरतील तेव्हा भरतील.

आमच्या वडिलांची गोष्ट सांगतो. ती आम्हांस त्यांनीच सांगितलेली, आमच्या जन्मापूर्वीची, १९६६ च्या आषाढातली. ते एका गिरणीत साचेखात्यात होते, दोन साचे चालवीत. संध्याकाळच्या पाळीला तार आली, वडील अत्यवस्थ. सहा दिवसांची रजा मिळाली. बोटी बंद. दुसऱ्या दिवशी रात्रीची गाडी धरून पुणे, मिरज, कोल्हापूर केले. कोल्हापुरात कळले की फोंडा घाटात दरड आली आहे. एक रात्र एसटीच्या स्टँडवर काढली. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला वाडीत पोचले तेव्हा अंगणात माणसे बसलेली, चूल थंड. आजीने एवढेच विचारले, “झिल इलो?” तिला दिसत कमी होते. क्रियाकर्म आटोपून, पुन्हा घाट चढून ते नवव्या दिवशी गिरणीत हजर झाले. तीन खाडे पडले. त्यांच्या साच्यांवर बदलीवाला लागला होता आणि ते स्वतः बदलीच्या यादीत गेले. साचे परत मिळायला त्यांना वर्ष लागले. त्या गिरणीला आम्ही दोष देत नाही. तसा तेव्हा सगळीकडेच रिवाज होता. परंतु वडील पुढे आयुष्यभर, कोणी कोकण किती लांब असे विचारले, की ‘एका वर्षावर’ असे म्हणत.

ह्याच अंतराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमची तक्रार एकतर्फी होईल. गाव लांब होते पण गाव होते. १९२८ साली गिरण्यांचा सार्वत्रिक संप एप्रिलात सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाख कामगार सहा महिने कसे टिकले? पुष्कळजण गावी गेले. आम्ही पंचांग आणि बोटींचा हंगाम शेजारी ठेवून पाहिला : एप्रिल-मे म्हणजे समुद्र उघडा असण्याचे शेवटचे दोन महिने. तेव्हा गेलेला माणूस पेरणी-लावणीला घरी हजर, आणि समुद्र उघडेपर्यंत परत येण्याची घाई नाही. मालकांना हा हिशेब उमगला होता की नाही कोण जाणे. पुढे १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार बाहेर पडले तेव्हाही गावाने पोसले. आमची आई आम्हां भावंडांना घेऊन कुडाळला गेली आणि शाळा सुटली ती तेव्हाच. ज्यांना गाव नव्हते ते आधी मोडले. संप अखेर मोडला, गिरण्या एकामागून एक बंद झाल्या आणि रजा कापणारा हजेरीपटच नाहीसा झाला. त्या वर्षी आम्हांला गाव भरपूर दिवसांचे मिळाले. असे दिवस कोणाला मिळू नयेत.

आता विमान. ते काही २०२१ मध्ये कोकणच्या आकाशात प्रथम आले नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा सकाळी कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला इंधन घेतले आणि दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले. हिंदी विमान टपालाचा हा आरंभ. ऑक्टोबर १९३५ मध्ये टाटांनीच मुंबईहून गोवा, कण्णूर, त्रिवेंद्रम अशी सेवा काढली. त्या काळची लहान विमाने किनाऱ्याच्या खुणा पाहत उडत. तेव्हा हर्णै-मालवणच्या लोकांनी मान वर करून ते पाहिले असेल. वरून गेले ते टपाल त्रावणकोरचे. खाली मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्या बाईचे टपाल आगबोटीने येणार. आणखी एक मौज अशी की पावसाळ्यात जुहूच्या मैदानात चिखल होई आणि टाटांची विमाने मुक्कामाला पुण्यास जात. म्हणजे पाऊस लागला की चाकरमानीही देशावरून वळसा घेई आणि विमानही. दोघांत पाऊस फरक करीत नव्हता.

कोकणावरून विमान गेले १९३५ मध्ये आणि कोकणच्या ह्या टोकाला मुंबईचे उतारू घेऊन नियमित उतरू लागले २०२१ मध्ये. मधली ८६ वर्षे मुख्यतः दोन गोष्टींत गेली, एसटी आणि रेल्वे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. कोकणात खाड्यांवर पूल होतील तशी ती सरकत गेली. आगबोटी ऐंशीच्या दशकात मावळल्या. १९९४ मध्ये एका कंपनीने सात तासांत गोव्याला नेणारी वेगवान बोट काढली होती, ती पाहायला आम्ही धक्क्यावर गेलो होतो. तिकीट पाहून परत आलो.

रेल्वेची कथा मोठी आहे, आणि तीत आमच्या चळवळीची माणसे आहेत म्हणून आम्हांस थोडा अभिमान आहे. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै ह्यांनी लोकसभेत कोकण रेल्वेचा घोष लावला. १९७१ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या जागी आलेले प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, पुढे अर्थमंत्री झाले. मुंबईत टॅक्सीवाल्यांचे आणि म्युनिसिपालिटीच्या कामगारांचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस १९८९ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि १९९० साली कोकण रेल्वेचे स्वतंत्र महामंडळ निघाले. ई. श्रीधरन ह्यांच्या देखरेखीखाली रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग झाला. रत्नागिरीजवळ करबुडेचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा, पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल. २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग खुला झाला. दादरहून मध्यरात्री गाडीत बसावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत कुडाळला जेवायला असावे, ही गोष्ट आमच्या वडिलांना पटेना. पहिल्या खेपेला ते रात्रभर खिडकीशी जागे होते. अंधारात बोगद्याखेरीज पाहण्यासारखे काही नव्हते.

रेल्वेनेही पावसाचे भाडे दिले. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळून पन्नासच्या आसपास माणसे गेली, आणि पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ दुसरा अपघात झाला. तेव्हापासून पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात, वेळापत्रक निराळे असते. हे योग्यच आहे. जिवापेक्षा तास मोठा नाही.

परंतु रेल्वेला एक नवीनच कुलूप आहे आणि ते वेगाशी संबंधित नाही. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी उघडते. गणपतीच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात. आमच्या रखवालदाराला रजा मंजूर झाल्याचे कळते आठ दिवस आधी, कधी आदल्या संध्याकाळी. त्याने साठ दिवस आधी तिकीट काढावे कसे? ज्याच्या हाती स्वतःचा कॅलेंडर आहे त्याच्यासाठी गाडी आहे. बाकीच्यांसाठी एसटीच्या जादा गाड्या, लालबाग-परळच्या नाक्यावरून सुटणाऱ्या खासगी बसगाड्या, त्यांचे सणाचे भाव, आणि २०११ पासून रुंद होत राहिलेला महामार्ग. (हे खड्डे आले. आता गेले.)

आता विमानाचे तिकीट. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘उडान’ योजना आणली, पहिले विमान एप्रिल २०१७ मध्ये सिमल्याहून दिल्लीला उडाले. कल्पना अशी की लहान गावांच्या विमानात सुमारे निम्मी आसने सवलतीच्या दरात, तासाभराच्या उड्डाणास अदमासे अडीच हजार रुपये, आणि कंपनीची तूट सरकार भरून देणार. ही भरपाई तीन वर्षांची. कल्पना वाईट नाही, आम्ही तिची थट्टा करणार नाही. परंतु सत्तरचे निम्मे पस्तीस. दिवसाला पस्तीस माणसे, आणि गणपतीला मुंबईहून कोकणात उतरणारी माणसे लाखांनी. शिवाय ज्याला उद्याच जायचे आहे, घरी प्रेत आहे, त्याच्या वाटेला सवलतीचे आसन राहते का? ती आसने आधी ठरवणाऱ्यांनी आधीच घेतलेली असतात. मृत्यूचे आरक्षण साठ दिवस आधी करता येत नाही.

आमच्या युनियनमधल्या एका मुलावर हा प्रसंग आला. त्याचे नाव घेत नाही. वेंगुर्ल्याकडचा, चोविशीचा. आई गेल्याचा फोन सकाळी सहाला आला, कामावर असतानाच. तार पोचायला एक दिवस लागे. फोन त्याच मिनिटाला. इतके अंतर तर नक्कीच तुटले. मित्रांनी वर्गणी काढून दुसऱ्या दिवशीचे विमानाचे तिकीटही घेतले, पुऱ्या भावाने. सुपरवायझर म्हणाला, जागेवर दुसरा माणूस नाही, परवा जा. मुलगा गेला. आईचे तोंड त्याला पाहायला मिळाले, कारण भावांनी प्रेत ठेवले होते. पाचव्या दिवशी तो कामावर आला तेव्हा त्याच्या जागी दुसरा उभा होता, जो आदल्या दिवशी सापडत नव्हता तोच. त्या मुलाच्या नोकरीचे २२० दिवस भरले होते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यातही साठवता येणाऱ्या भरपगारी रजेला आकडा २४० चाच घातला होता, आणि कंत्राटदार २४० च्या आत ‘ब्रेक’ का देतात हे ह्या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

वडिलांना पोचायला तीन दिवस लागले, ह्या मुलाला दीड. नोकरीच्या बाबतीत दोघांना सारखेच दूर पडले.

हा सर्व कागद घेऊन आम्ही पुढच्या बैठकीला गेलो. त्या अधिकाऱ्याने ऐकून घेतले, हे आम्ही त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. आम्ही विचारले, “तुम्ही विमान धरून दिवस कापता, तर विमानाचे भाडे देता का?” तो म्हणाला, ते कलमात बसणार नाही. आम्ही म्हणालो, “मग एसटीचा वेळ धरा, कारण पगार एसटीचा आहे.” तो हसला. मग आम्ही दुसरे विचारले. त्याच्या करारनाम्याची मुदत चार वर्षे. उडानची भरपाई तीन वर्षे. “तीन वर्षांनी ते विमान उडत राहील असे तुम्ही लिहून देता का? नाही दिले, तर चौथ्या वर्षी आमच्या माणसाने तुमच्या मोबाईलमधल्या विमानात बसायचे?” ह्यावर त्याने मोबाईल उलटा करून ठेवला.

पुढच्या तीन बैठका प्रवासाच्या दिवसांवरच झाल्या. मध्येच त्यांच्या वकिलाने सुचवले की, अंतर किलोमीटरांत ठरवून टप्पे पाडू : तीनशेपर्यंत शून्य, त्यापुढे एक. आम्ही विचारले, कोणते किलोमीटर, पक्ष्याचे की सडकेचे? तीनशे आणि पाचशे ह्यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री आणि डझनभर खाड्या आहेत. ते टप्पे त्यांनी मागे घेतले.

अखेर करारात एक भरपगारी दिवस लिहिला गेला. १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत दोन. हे पावसाळ्याचे पोटकलम आमच्यातल्या एका सफाई कामगार बाईंनी सुचवले. त्या राजापूरच्या, त्यांचे आजोबा बोटीने येत. ‘समुद्र बंद असतो तेवढे महिने तरी द्या,’ एवढेच त्या बैठकीत बोलल्या. अधिकाऱ्याला समुद्राचा संबंध कळला नाही, पण त्याने सही केली. त्या मुलाला परत घेण्याचा प्रश्न मात्र लेबर कोर्टात गेला आहे, आणि तेथील तारखा किती दिवसांनी पडतात ते आपण जाणताच.